पाटीला नोटीस

आमच्या गल्लीतले सोनाजीकाका पाट्यांना नोटीस द्यायचे. पाटी लावणाऱ्याला नव्हे, पाटीला.

बाजारात जाताना ते असे उभे दिसायचे. चौकातल्या विजेच्या खांबावर 'प्लॉट विकणे आहे' अशी टिनाची पाटी ठोकलेली असायची आणि तिच्यासमोर सोनाजीकाका. खाकी कोटाची गळ्याजवळची गुंडी लावलेली, टोपी सरळ केलेली, दोन्ही पाय जुळवलेले. घसा खाकरून ते पाटीला म्हणायचे,

"नगरपालिकेच्या हुकमावरून तुमाले कळवन्यात येते का, तुमी बसल्या थे जागा सार्वजनिक हाये. परवानगीचा शिक्का असन त दाखवा. नसन त इथून उठा."

असं तीनदा. त्यांचे वडील गावात दवंडी द्यायचे, तो सूर काकांच्या गळ्यात उतरला होता. तिसऱ्यांदा सांगून झालं की ते आवाज खाली आणायचे आणि विचारायचे, "बोला. काही म्हननं हाये काय?"

पाटी काय बोलणार? पण काका थांबायचे. मान जराशी कलती करून, हळू बोलणाऱ्या म्हाताऱ्याचं ऐकावं तसे खरोखरच थांबायचे. मग जमलेल्या लोकांकडे वळायचे. "काही म्हननं नाई. आयकलं ना सगळ्याईनं?" एवढं झालं की कोटाच्या खिशातून जंबूर निघायचा आणि खिळे उपटायला सुरुवात व्हायची.

लोक हसायचे. पानठेल्यावर बसणारे रिकामे लोक तर या तमाशाची वाटच पाहायचे. एकदा त्यांच्यातला एक जण मागून बारीक आवाज काढून म्हणाला, "मुकादमसायब, मी गरीब पाटी हावो जी, लेकराबायाची!"

काका मागे न पाहता म्हणाले, "ह्या पाटीच्या तोंडात पान हाये. उद्या पानठेल्यालेच नोटीस द्या लागते."

काका नगरपालिकेत मुकादम होते. आमचे हे तिथेच नळाच्या चावीवर होते, म्हणून तिथल्या गोष्टी आमच्या चुलीपर्यंत यायच्या. पाटीला नोटीस देण्याची गोष्ट कशी सुरू झाली तेही मला यांच्याकडूनच कळलं.

दुष्काळ सरल्यावर आमच्या गावाला लागून असलेली शेतं एकामागे एक विकली गेली. काल जिथे तूर उभी होती तिथे आज चुन्याच्या फक्क्या मारलेल्या आणि दगड रोवलेले. याला ले-आऊट म्हणतात हे आम्हाला तेव्हाच कळलं. अकोल्याचे, अमरावतीचे लोक येऊन ले-आऊट पाडायचे आणि गावभर पाट्या ठोकून निघून जायचे. कुबेर नगर, लक्ष्मी नगर, स्वर्गद्वार कॉलनी. नावं ऐकून छाती दडपायची. जाऊन पाहिलं तर बाभळी आणि गोखरू. प्रत्येक पाटीवर 'बस स्टँडपासून पाच मिनिटे' असं हमखास लिहिलेलं. काका म्हणायचे, "पाच मिंटात त आपली एस्टी बी चालू होत नाई."

खांबावर पाट्या, लिंबाच्या झाडावर पाट्या, शाळेच्या भिंतीवर पाट्या. प्रसूतिगृहाच्या दारावरच कोणी पाटी ठोकली तेव्हा नगरपालिकेने ठराव केला. परवानगी घेतल्याशिवाय आणि पाटीवर नगरपालिकेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय सार्वजनिक जागेवर पाटी लावायची नाही. लावली तर काढून जप्त करायची. मात्र काढण्याआधी संबंधितास तोंडी सूचना द्यायची.

हे काम काकांकडे आलं. ते बड्या बाबूंकडे गेले आणि म्हणाले, "सायेब, संबंधित म्हंजे कोन?"

बडे बाबू चहा पीत होते. म्हणाले, "ज्याची पाटी तो."

"थो त अमरावतीले हाये."

"मग पाटीलाच सांगा, सोनाजी. जा आता, चहा पिऊ द्या."

बाबू चेष्टेत बोलले. काकांना साहेबांची चेष्टा समजत नसे. साहेब खुर्चीवर बसून बोलतो तो हुकूम, असं त्यांचं साधं गणित होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाट्यांना सांगायला सुरुवात केली. "काही म्हननं हाये काय" हे मात्र त्यांनी स्वतःच्या मनाने घातलेलं. यांनी एकदा विचारलं, "काका, हे ठरावात नाई."

"ठरावात नसन. पन कोनाले उठवाचं असन त त्याचं आयकून घ्या लागते. आपल्याले कोनी कधी इचारलं नाई, म्हनून आपन बी इचारू नाई काय?"

जप्त केलेल्या पाट्या ठेवायला जागा नव्हती. काकांनी त्या कोंडवाड्यात नेल्या. मोकाट जनावरं जिथे कोंडतात तिथेच या पाट्या कोंडल्या. कोंडवाडा आमच्या पाण्याच्या वाटेवर होता, म्हणून मी रोज पाहायची. कुबेर नगराला म्हैस अंग घासत उभी असायची. स्वर्गद्वार कॉलनीवर शेळी चढून बसायची. कोणी पाटी सोडवायला आला तर काका त्याच्याकडून जनावराइतकाच दंड घेऊन पावती फाडायचे, आणि पाटी हातात देताना म्हणायचे, "आता बांधून ठेवजा घरी. पुन्हा मोकाट सोडू नोका."

एकदा शेजारच्या गल्लीत लग्न होतं. नवरीच्या बापाने नगरपालिकेच्या दोन खांबांना दोर बांधून मधे 'सुस्वागतम्'ची पाटी टांगली होती. काका लग्नाला आले, आहेर केला, पंगतीत जेवले, हात धुतले आणि दारात जाऊन पाटीला नोटीस दिली. नवरीचा बाप धावत आला. "सोनाजी, अरे बरात अजून उठाची हाये!"

"जेवन चांगलं झालं, भाऊ. बुंदी तं एक नंबर. पन खांब सगळ्याईचा हाये."

शेवटी नवऱ्या मुलाच्या दोन मामांनी पाटीची दोन टोकं हातात धरली आणि वरात निघेपर्यंत तसेच उभे राहिले. हातात धरलेली पाटी सार्वजनिक जागेवर नसते, हे काकांना मान्य होतं. जाताना त्यांनी मामांना नमस्कार केला.

काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. "माया नशिबी असा मानूस आला का चार घरचं बोलावनं बी तुटलं, वो सूनबाई. लोक म्हनते, मुकादमाले बोलावसान त मांडव आपल्याच आंगनात टाका!"

मला काका आणि काकू दोघंही सूनबाई म्हणत. मी या वस्तीत नवीन नवरी म्हणून आले तेव्हापासून त्यांच्यासमोर फार बोलले नाही. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त तट्ट्याची भिंत होती, त्यावर मातीचा गिलावा. तिकडे भाजीला फोडणी पडली की इकडे ठसका लागायचा. बोलणं तर सगळंच ऐकू यायचं. मी न बोलताही त्यांच्या घरातली होऊन गेले होते.

काका असे का होते, ते एका संध्याकाळी कळलं. आमच्या ओट्यावर ते यांच्याशी बोलत बसले होते. मी आत तांदूळ निवडत होते. हे म्हणाले, "काका, एक खांब अन् एक पाटी. त्यात नगरपालिकेचं काय जाते?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आपली जुनी इहीर तुले आठोते काय? नसन आठोत, तू लहान होता. मायी माय घागर घेऊन दूर उभी राहे. कोनी दया करून वतलं त घरी पानी. इहीर त गावाचीच होती ना? पन गावात आमी नोतो. आता चौकात नळ आला. मी त्याले हात लावतो, तू चावी फिरवतो. सगळ्याईचं म्हंजे कोनाचंच नाई, असं लोक समजते. मी म्हनतो, सगळ्याईचं म्हंजे मायं बी. मंग माया खांबावर कोन खिया ठोकन त मी नुसता पाह्यत राहीन काय?"

यांनी त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही.

काका-काकूंना एकच मुलगा, मिलिंद. शाळेत त्याचं लक्ष नव्हतं, वहीच्या प्रत्येक पानावर चित्रं. शेवटी बाजारातल्या एका पेंटरच्या दुकानात जाऊन बसायला लागला. आधी बैलबंड्यांवर नावं घातली, मग पिठाच्या गिरणीची पाटी केली. हात फार गोड होता. त्याने काढलेली गाय पाहून खरी गाय थांबेल असं काकू म्हणायच्या. काका तोंडावर काही म्हणायचे नाहीत. पण गिरणीवर दळण न्यायला ते स्वतः जायला लागले, आणि दळण झालं तरी लवकर परतायचे नाहीत.

गावात पाट्यांचं सगळ्यात मोठं काम कोणाचं, तर ले-आऊटवाल्यांचं. तेव्हा जे व्हायचं तेच झालं. नंदनवन नगर म्हणून एक नवीन ले-आऊट पडला होता, त्याच्या मालकाने मिलिंदला मोठी पाटी दिली. टिनाची पुरी चादर, माणसाच्या उंचीची. मिलिंद पंधरा-वीस दिवस तिच्यावर होता. आमच्या दोन्ही घरांच्या मागच्या अंगणात ती सुकायला ठेवलेली असायची. तिच्यावर दोन मजली बंगला, बंगल्यासमोर मोटार, आणि दोन्ही बाजूंना नारळाची झाडं.

काका जाता-येता पाहायचे. एकदा म्हणाले, "नारयाचं झाड पाह्यलं काय बे तुनं कधी?"

"नाई."

"मंग?"

"नंदनवन बी कोनी पाह्यलं नाई, बाबा."

काका हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

पाटी लागायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दोघं जेवायला बसले होते. तट्ट्यापलीकडून मिलिंदचा आवाज आला.

"बाबा, उद्या पाटी लागते. बस स्टँडच्या लिंबावर."

"शिक्का लागला काय?"

"अर्ज देल्ला हाये मालकानं. सायेब दौऱ्यावर हाये. आठ-पंधरा रोजात लागन."

"मंग आठ-पंधरा रोजानं लावा."

"उद्या बाजार हाये, बाबा. खेड्यापाड्याचे सारे लोक येतीन. मालकाले उद्याच पाह्यजे. तुमी बड्या बाबूले एक शबद टाका ना."

"माया शबदानं शिक्का लागत असता त सरकारनं शिक्का कायले बनवला असता?"

काकूंनी भाकरी थापायची थांबवली. थापण्याचा आवाज बंद झाला म्हणून मला कळलं. "अवो, पोराची पयली मोठी पाटी हाये. एक डाव डोयावर कातडं वढलं त काय होते?"

"एका डोयावर वढलं का दुसऱ्यावर आपोआप येते."

 मग मिलिंदने विचारलं, "काढसान काय?"

काकांनी पाण्याचा घोट घेतला. "शिक्का नसन त काढीन."

"पाह्यतो मी," मिलिंद म्हणाला, आणि हसला. त्याला वाटलं होतं, बाप बोलतो तसं करणार नाही. मला तट्ट्याच्या अलीकडे बसून वाटत होतं, हा माणूस बोलतो तसंच करतो, हे या मुलाला अजून कसं कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका चौकातल्या नळावर पाणी भरत होतो. तिथून बस स्टँडचा लिंब समोरच दिसतो. सकाळच्या उन्हात पाटी अशी चमकत होती की बंड्या थांबवून लोक पाहत होते. मिलिंद झाडाखाली शिडीजवळ उभा होता, केसांत रंग लागलेला. कोणी पाठीवर थाप मारत होतं, कोणी वरच्या नारळाकडे बोट दाखवत होतं.

काका आले. लोकांनी वाट दिली. एरवी ते पाटीकडे ओझरतं पाहून शिक्का शोधायचे. त्या दिवशी त्यांनी पाटी खालपासून वरपर्यंत पाहिली. बंगला पाहिला, मोटार पाहिली, झाडं पाहिली. मला वाटलं आता ते मागे फिरतील. मग त्यांनी कोटाची वरची गुंडी लावली.

"नगरपालिकेच्या हुकमावरून तुमाले कळवन्यात येते का..."

तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा दवंडीचा सूर लागला नाही, शब्द नुसतेच आले. मग नेहमीसारखं विचारलं, "बोला. काही म्हननं हाये काय?"

"हाये," मिलिंद म्हणाला. "मायं म्हननं हाये."

काकांनी मान वळवली नाही. पाटीकडेच पाहत म्हणाले, "मी पाटीले इचारलं. तुले नाई."

सगळा बाजार हसला. पानठेल्यावरचे तर एकमेकांच्या अंगावर पडले. असा विनोद त्यांना वर्षभरात मिळाला नव्हता. पण काकांनी विनोद केला नव्हता. त्यांची रीत तशी होती, आणि रीतीबाहेरचं उत्तर कसं घ्यायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, असं मला वाटतं.

पाटी उंच होती. काकांचा हात पोचेना. मिलिंदचीच शिडी लिंबाला लावलेली होती, तिच्यावर ते चढले. जमीन उतरती, शिडी हलायला लागली. तेव्हा मिलिंद पुढे आला आणि त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली. वर बाप खिळे उपटतो आहे आणि खाली मुलगा शिडी धरून उभा आहे. हसणारे एक-एक करून गप्प झाले. काका पाटी घेऊन खाली उतरले, त्यांचे दोन्ही पाय जमिनीला लागले, तेव्हा मिलिंदने शिडी सोडली, खांद्यावर टाकली आणि चालायला लागला.

दुपारी काका जेवायला आले तेव्हा मिलिंदचे रंगाचे डबे आणि ब्रश घरात नव्हते. तोही नव्हता.

पुढे ले-आऊटच्या मालकाने अकोल्याहून दुसरी पाटी करून आणली. परवानगी मिळाली होती, शिक्का लागला होता. ती त्याच लिंबावर ठोकली. काका गेले, शिक्का पाहिला, बरोबर होता. पुढे निघून गेले.

मला कायदा कळत नाही. शिक्का नव्हता तर पाटी काढायचीच होती, काढली, त्यात मी काही म्हणत नाही. पण एवढी वर्षं त्यांनी गावातल्या प्रत्येक टिनाला विचारलं, काही म्हणणं आहे काय. एवढ्या वर्षांत एकदाच कोणी 'आहे' म्हणालं. ते तेवढं ऐकून घ्यायला हवं होतं. ऐकून मग काढली असती तरी चाललं असतं. मुलगा कदाचित रागावला असता, पण गेला नसता. हे मी कोणाला बोलले नाही. काकूंना तर नाहीच.

काकूंनी त्या दिवसापासून काकांशी बोलणं सोडलं. सगळं माझ्यामार्फत चालायचं. तट्ट्यापलीकडून काकू म्हणायच्या, "सूनबाई, त्यायले सांग, भाकर थंडी होऊन राह्यली."

काका तिथेच त्यांच्यासमोर बसलेले. ते म्हणायचे, "सूनबाई, तिले सांग, भूक नाई."

मी चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणायची, "काकू, काकाजी म्हनते भूक नाई." मग काकू म्हणायच्या, "त्यायले म्हन, उपाशी राहून कोनी वापस येत नसते." हे मी पोचवत नसे. पोचवायची गरजही नव्हती.

चौकात एक फरक पडला. काका पाट्यांना नोटीस द्यायचे, तीनदा सांगायचे आणि थेट जंबूर काढायचे. शेवटचा प्रश्न त्यांनी सोडून दिला. पानठेल्यावरून कोणी ओरडायचं, "मुकादमसायब, पाटीले इचारलं नाई आज!" काका खिळा उपटत राहायचे. हळूहळू बघायला थांबणारे कमी झाले. नुसतं खिळे उपटणं काय पाहायचं?

मिलिंदचा पत्ता कोणालाच नव्हता. कोणी म्हणे, मंगरूळपीरला दर्ग्याजवळ भिंती रंगवताना दिसला. कोणी म्हणे, धनजला. रंगवणाऱ्या माणसाचं घर कुठलं? आज या गावी, उद्या त्या गावी. भिंत संपली की चालला.

मग काकांनी सुट्टीच्या दिवशी एस्टीने बाहेरगावी जायला सुरुवात केली. सकाळी धुतलेला सदरा घालून निघायचे, दिवस मावळायच्या आत परत यायचे. कुठे जातात, सांगत नसत. एकदा आमच्या ह्यांच्या ओळखीच्या कंडक्टरने सांगितलं की काका मंगरूळला एका पाटीसमोर उभे होते. तेव्हा सगळ्या नगरपालिकेत हसाहस झाली. "आपल्या हद्दीतल्या पाट्या संपल्या, आता बुढा दुसऱ्याच्या हद्दीत हात मारून राह्यला!" बडे बाबू म्हणाले, "सोनाजीला पाट्यांचं वेड लागलं."

काकू मला म्हणाल्या, "पोट्टा गेला त्याचं काही नाई. मानूस सुट्टीत बी टिनं पाहत फिरते. कसं काळीज म्हनावं हे?"

मलाही तेव्हा काही कळलं नव्हतं.

माझं माहेर कामरगावचं. तूर काढायच्या दिवसांत मी आईला पाहायला गेले होते आणि परत येण्यासाठी नुकतीच फाट्यावर येऊन एस्टीची वाट पाहत उभी होते. फाट्यावर प्रवाशांसाठी एक निवारा आहे, तीन भिंती आणि वर पत्रा. बाजूला एक चहाचं हॉटेल. पुरुष निवाऱ्यात बसले होते, म्हणून मी बाहेर लिंबाखाली पदर घेऊन उभी राहिले.

निवाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीसमोर सोनाजीकाका उभे होते.

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. भिंतीवर नवीन जाहिरात रंगवलेली होती, आमच्याच गावच्या कुठल्याशा ले-आऊटची. मोठी लाल अक्षरं, त्यांना पिवळी सावली. खाली उजव्या कोपऱ्यात, पेंटर लोक लिहितात तसं, बारीक अक्षरात 'मिलिंद' लिहिलेलं. मला शाळा फार झालेली नाही, पण एवढं मी लांबूनही वाचलं.

काका वाकले आणि त्यांनी त्या नावाच्या शेवटच्या अक्षराला बोट लावलं. बोट उचललं, डोळ्यांजवळ नेलं. लाल झालं होतं.

ते झटकन वळले. हॉटेलवाल्याला म्हणाले, "हे रंगोनारा कुठं गेला?"

"थो पोट्टा काय? आत्ता त गेला जी. अमरावतीची गाडी आली, डबे उचलले अन् चढला. चाय बी पुरा पेला नाई, हा पाहा कप." हॉटेलवाल्याने बाकावरचा कप दाखवला. "काहून? कोन लागते तुमचा?"

काका कपाकडे पाहत राहिले. "कसा होता?"

"कसा म्हंजे?"

"तब्येतीनं."

"बरा होता. हसतबोलत होता. उलसा बारीक झाला वाटते, मागच्या डावापेक्षा."

"मागं बी आला होता?"

"येते ना. महिन्या-दोन महिन्यानं येते. पन तुमी कोन जी त्याचे?"

काका म्हणाले, "कोनी नाई. रंग साजरा देल्ला, म्हनून इचारलं."

मग ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. अमरावतीकडे जाणारा रस्ता तिथून सरळ दिसतो, दोन्ही बाजूंना बाभळी. त्यावर धूळसुद्धा उरली नव्हती. "दुसरी गाडी कवा हाये अमरावतीले?" त्यांनी न वळताच विचारलं.

"आता संध्याकायी."

इतक्यात आमची गाडी आली, आमच्या गावाकडे जाणारी. लोक चढले. मी बायकांच्या बाकावर बसले. काका शेवटी चढले. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवल्यावर चढले. त्यांनी मला पाहिलं. मी पदर पुढे ओढून खाली पाहत राहिले. माझ्या समोरच्या बाकावर खिडकीशी ते बसले.

कंडक्टर आला. "कुठं?"

काकांनी गावाचं नाव सांगितलं आणि डाव्या हाताने सदऱ्याच्या उजव्या खिशातले पैसे काढायला लागले. हात पोचेना. आडवे झाले, वाकडे झाले, शेजारच्याला धक्का लागला. कंडक्टर वैतागला.

"अवो बाबा, त्या उजव्या हाताले काय झालं? त्यानं काढा ना!"

काकांनी उजवा हात वर धरला होता, बोट वेगळं करून, कशाला लागणार नाही असं.

"ओलं हाये अजून," ते म्हणाले.